पों वाजेपर्यंत

निवडणुकीच्या ड्यूटीचं पत्र आलं की आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये आजारपणाची साथ येते. कुणाची कंबर धरते, कुणाच्या सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात निघतं. मी नागपुरात सत्तावीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवते. म्हणजे लोकशाहीचं कौतुक करण्याचा मला पगार मिळतो. तरीही दर निवडणुकीला ड्यूटी रद्द करण्याचा अर्ज मीही करत आले आहे. या वेळी गुडघ्याचं कारण लिहिलं. साहेबांनी अर्ज उघडलासुद्धा नाही. "मॅडम, तुमची ड्यूटी बसूनच आहे," म्हणाले, आणि मागच्या माणसाचा अर्ज घ्यायला हात पुढे केला.

महानगरपालिकेची निवडणूक बऱ्याच वर्षांनी होत होती, त्यामुळे लोक तर लोक, आम्ही कर्मचारीही सगळं विसरून बसलो होतो. आमच्याकडे एका प्रभागात नगरसेवकांच्या चार जागा असतात. अ, ब, क आणि ड. प्रत्येक मतदाराने प्रत्येक जागेसाठी एक, अशी चार मतं द्यायची. चार जागांचे कागद चार रंगांचे, पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा, म्हणजे गोंधळ नको. प्रत्येक रंगाच्या शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही', म्हणजे नोटा, हेही एक बटण. प्रशिक्षणाला आलेल्या साहेबांनी हे तीन वेळा सांगितलं आणि मग मुद्द्यावर आले. चारही बटणं दाबली तरच मशीन लांब पों करतं. पों झालं नाही तर मत पूर्ण नाही, आणि ते पूर्ण झाल्याशिवाय पुढच्याला मत देता येत नाही. अर्धवट सोडून कुणी निघालं तर आधी समजवा. नाहीच ऐकलं, तर केंद्राध्यक्षाने पक्षांच्या प्रतिनिधींसमक्ष उरलेल्या जागांवर 'कोणीही नाही' दाबून मशीन मोकळं करायचं आणि तशी नोंद ठेवायची.

त्याच प्रशिक्षणाच्या ठिकाणी आमच्या टपाली मतदानाची सोय होती. ड्यूटीवर असणाऱ्याला आपल्या केंद्रावर जाता येत नाही, म्हणून चार मतपत्रिका हातात मिळतात, त्यावर खूण करून पाकीट बंद करून पेटीत टाकायचं. जेवणाची सुट्टी चालू होती आणि मसालेभाताची रांग वाढत होती. माझ्या प्रभागात पांढऱ्या कागदावरचा एक माणूस मला माहीत होता, आमच्या कॉलनीतल्या नाल्यावर झाकण घालून देणारा. त्याच्या नावापुढे खूण केली. उरलेल्या तिन्ही कागदांवर त्याचंच चिन्ह शोधलं, खुणा केल्या, पाकीट चिकटवलं. जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून, अर्ध्या मिनिटात. मसालेभात बरा होता.

मला मिळालेलं केंद्र जुन्या विणकर वस्तीतल्या शाळेत होतं. एकेकाळी त्या गल्ल्यांतून घरोघरी हातमागाची खटखट ऐकू यायची. आता कुणी ऑटो चालवतो, कुणी बँकेत शिपाई आहे, कुणाची सून ब्यूटी पार्लर चालवते. आमचे केंद्राध्यक्ष कोराडीच्या वीज केंद्रातले. आयुष्यभर मोठी यंत्रं सांभाळलेला माणूस, त्यामुळे त्यांना कशाचीच घाई नव्हती. माझं काम तिसऱ्या टेबलावर. मतदाराची चिठ्ठी घ्यायची, माझ्यापुढच्या यंत्राचं बटण दाबून पुठ्ठ्याच्या आडोशामागचं मशीन चालू करून द्यायचं, आणि पों ऐकायचं. दिवसभर पों ऐकणे, हेच माझं राष्ट्रकार्य.

सकाळी मतदान सुरू होण्याआधी सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींसमोर आम्ही चाचणीसाठी खोटं मतदान करून दाखवलं. प्रत्येकाने हवी ती बटणं दाबली, कुणी काय दाबलं ते लिहिलं, मोजलं, जुळलं, मग सगळं पुसून मशीन कोरं केलं आणि कागदी सील लावलं. सीलवर प्रत्येकाची सही. महिनाभर एकमेकांच्या नावाने शंख करणारी ही मंडळी, पण सही करताना एकच पेन फिरवत होती. त्यांच्यातल्या एका जाकीटवाल्याने घरून पोहे आणि तर्रीचा मोठा डबा आणला होता, त्यातून बाकीच्यांनीही खाल्लं. आम्हाला विचारलं. केंद्राध्यक्ष म्हणाले, "आज तुमचं पाणीबी नको."

अकरा-साडेअकराची वेळ असेल. थंडीचे दिवस, व्हरांड्यात ऊन आलेलं, रांग त्या उन्हाच्या पट्ट्याबरोबर वाकलेली. सत्तरीच्या आसपासच्या एक बाई आत आल्या. अंगावर धुवट सुती नऊवारी, पायात मोजे. यादीत नाव सापडलं, बोटाला शाई लागली, चिठ्ठी माझ्याकडे आली. मी बटण दाबलं. त्या आडोशामागे गेल्या. छोटासा आवाज झाला, म्हणजे पहिलं बटण दाबलं गेलं. मग काहीच नाही. आणि क्षणभराने त्या पदर सारखा करत बाहेर आल्या आणि दाराकडे निघाल्या.

"मावशी, थांबा," मी म्हटलं. "अजून तीन राहिली."

"झालं ना वं माहं. मले ज्या पोरीले द्याचं होतं..."

"मावशी, नाव घेऊ नका!" केंद्राध्यक्ष खुर्चीवरून अर्धे उठले. "कोणाले देलं थे सांगाचं नाही."

"बरं, नाई सांगत. पण एकालेच द्याचं होतं. देलं. आता घरी जातो."

मी समजावायला सुरुवात केली. माझा वर्गातला आवाज आपोआप निघतो. चार जागा, चार रंग, प्रत्येक रंगातून एक. त्या शांतपणे ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "समजलं. पण त्या बाकीच्याईले मी वयखत नाई. वयख नाई अन् मत कसंकाय देऊ?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नसलेलं, पण ड्यूटीवर सगळे देतात ते. "मग शेवटचं बटण दाबा. 'वरीलपैकी कोणीही नाही.' तिन्ही रंगांत तेच दाबा, म्हणजे सुटलात."

"म्हंजे थे लोकं मले नको, असंच होते ना?"

"हो, तसंच."

"काहून नको? त्याईनं माहं काय बिघडवलं?"

रांगेतून कुणी तरी हसलं. मला मात्र राग येत होता. माझ्यासमोरच्या यंत्रावर मत अपूर्ण असल्याचा लाल दिवा तसाच पेटलेला, मागे पन्नासेक माणसं उभी, आणि ही बाई न्यायनिवाडा करायला बसलेली. मी म्हटलं, "मावशी, इतका विचार कोणी करत नाही हो."

हे वाक्य मी बोलले. आजही आठवलं की कान गरम होतात.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादी शहाणी दिसणारी मुलगी भलतंच बोलली की मोठी माणसं पाहतात तसं. "बाई, पोरीले पाहाले लोकं येतात ना? तवा पोरगा पाहल्याबिगर आपण हो म्हणत नाई. पण पाहल्याबिगर नाही बी म्हणत नाई. नाही म्हणाच्या आंधीबी इचारपूस करा लागते. नाई तं त्या लेकराच्या बापाले काय वाटन?"

जाकीटवाला प्रतिनिधी पुढे सरसावला. "ओ साहेब, घ्या ना लवकर. मावशी जात असन तं जाऊ द्या, तुमी नोटा मारून मोकळं करा मशीन. तसा नियमच हाये."

नियम खरोखर तसाच होता. केंद्राध्यक्षांनी डोक्यावरची कानटोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. मग त्यांनी त्या बाईंना सरळ सांगितलं. "मावशी, तुम्ही गेल्या, तं उरलेल्या तीन जागांवर 'कोणीही नाही' मले दाबा लागते. तुमचं पहिलं मत जाणार नाही. बाकीचं मी करतो. चालते?"

"माह्या नावानं?"

"तुमच्याच मतात."

"म्हंजे माह्या मतात तुमी लोकाईले नाही म्हणान." त्या दारातून परत आत आल्या आणि माझ्या टेबलाशेजारी उभ्या राहिल्या. "मंग मी नाई जात."

आता आली का पंचाईत. त्या गेल्या तर त्यांच्या नावाचा नकार दुसऱ्याने द्यायचा, आणि थांबल्या तर अनोळखी माणसांना हो किंवा नाही म्हणायचं. दोन्ही त्यांना नको. मत त्यांचं होतं, आणि ते त्यांचंच राहावं एवढाच त्यांचा हट्ट होता. बाहेरून आवाज येऊ लागले. "मावशी, दाबा ना कोणतंबी, भाजी चढवून आली मी!" "आमी काय उभंच राहाचं का गा?" मी केंद्राध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे. उमेदवारांविषयी एक शब्द बोलायची आम्हाला परवानगी नाही. प्रतिनिधी बोलले तर तो प्रचार. शंभर मीटरच्या आत त्या बाईंना कुणी काही सांगू शकत नव्हतं.

तेव्हा केंद्राध्यक्षांना तो फलक आठवला.

खरं तर तो मला आठवायला हवा होता, कारण आदल्या संध्याकाळी तो मीच लावला होता. प्रत्येक उमेदवाराने अर्जासोबत शपथपत्र दिलेलं असतं. वय किती, शिक्षण काय, कामधंदा काय, मालमत्ता किती, गुन्हे दाखल आहेत का. त्या सगळ्याचा गोषवारा मोठ्या फलकावर छापून केंद्रावर लावायचा असतो, लोकांनी वाचून मत द्यावं म्हणून. सामानात तो गुंडाळून आला होता. अक्षरं बारीक, सुतळी अपुरी, मी दमलेली. मी तो दाराबाहेर व्हरांड्यातल्या भिंतीवर कसाबसा बांधला होता, खालचं एक टोक सुटलेलं. सकाळपासून त्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. लोक त्याला पाठ टेकून ऊन खात होते.

"मावशी, वाचता येते?" केंद्राध्यक्षांनी विचारलं.

"येते की. चौथी पास हावो."

"मंग त्या लोकाईची सारी इचारपूस तिथं लिहून हाये. दारातच हाये. वाचा अन् या."

त्या दारात गेल्या. फलकाला टेकलेला एक जण बाजूला झाला. त्यांनी ब्लाऊजमधून चष्म्याचं पाकीट काढलं, चष्मा लावला, गुलाबी रंगाच्या जागेपाशी बोट ठेवलं आणि वाचू लागल्या. मोठ्याने. ज्यांना शाळेत पाटीवर मोठ्याने वाचायला शिकवलं ती माणसं मनात वाचत नाहीत. कापडाचा पदर तपासताना बोट फिरतं तसं त्यांचं बोट ओळीखालून सरकत होतं. अक्षर अडलं की बोट थांबायचं, अक्षर सुटलं की पुढे जायचं.

पहिल्या उमेदवाराचं नाव झालं, वय झालं, शिक्षण झालं. "धंदा," त्यांनी वाचलं, "स...माज...सेवा." बोट थांबलं. "हा धंदा कवापासून झाला?"

रांगेत हशा पिकला. "मावशी, नुसतं वाचा," केंद्राध्यक्ष आतून ओरडले. "शेरे नको."

पुढच्या उमेदवाराच्या रकान्यात त्या "गुन्हे" या शब्दाशी आल्या. "दाखल. दोन. प्रलं...प्रलंबित." रांगेतून कुणी तरी "अस्सं?" म्हटलं. जाकीटवाला तिरासारखा केंद्राध्यक्षांकडे आला. "साहेब, हा प्रचार होऊन राहिला! शंभर मीटरच्या आत! मी लेखी आक्षेप देतो."

"द्या," केंद्राध्यक्ष म्हणाले. "फलक आयोगाचा हाये. मतदार वाचून राहिली. वाचताना तोंड बंद ठेवाचं, असं कोन्या पुस्तकात लिहून असन तं दाखवा, मी आत्ता बंद करतो."

पुस्तकात तसं नव्हतं. जाकीटवाला बाजूला झाला तेवढ्यात पिवळ्या रंगात दुसऱ्या पक्षाच्या एकाचे गुन्हे निघाले, आणि तोंड पाडायची पाळी त्या पक्षाच्या चष्मेवाल्या प्रतिनिधीवर आली. जाकीटवाला पुन्हा हसू लागला. निळ्या रंगात एक अपक्ष मुलगी होती, एम.एस्सी. झालेली, मालमत्तेत एक स्कूटी. ते ऐकून रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सगळ्या ऐकत होत्या. मघाशी भाजी चढवून आलेली बाई आता म्हणाली, "मावशी, मांगचं ऐकू नाई आलं. पिवळ्यातलं जरा पुन्हा वाचा ना."

सगळं मिळून बारा-तेरा मिनिटं गेली असतील. मी माझ्या यंत्रावरचा लाल दिवा बघत बसले होते आणि मला अर्ध्या मिनिटात चिकटवलेलं ते पाकीट आठवत होतं. गुलाबी कागदावर मी कुणाच्या नावापुढे खूण केली होती? बाई होती की पुरुष, तेसुद्धा सांगता येईना. चिन्ह तेवढं आठवत होतं. मुलांना मी दर वर्षी फळ्यावर लिहून देते, मतदाराने उमेदवाराची माहिती घेऊन विचारपूर्वक मत द्यावे. परीक्षेत त्याला दोन गुण असतात. माझ्यासमोर चौथी पास बाई ते दोन गुण कमवत उन्हात उभ्या होत्या, आणि मी त्यांना म्हटलं होतं, इतका विचार कोणी करत नाही. मला मनापासून लाज वाटली.

त्या आत आल्या. चष्मा पाकिटात, पाकीट ब्लाऊजमध्ये. कुणाकडे न पाहता आडोशामागे गेल्या. एक आवाज. थोडा वेळ गेला. दुसरा. मग बराच वेळ काहीच नाही, इतका की केंद्राध्यक्षही मान वळवून बसले. मग तिसरा, आणि त्याच्या पाठोपाठ लांब पों.

व्हरांड्यात कुणी तरी टाळी वाजवली. केंद्राध्यक्षांनी ओरडून ती बंद केली, पण त्यांच्या मिशीखाली हसू होतं. त्या तीन जागांवर बाईंनी कुणाला हो म्हटलं आणि कुणाला नाही, हे मला ठाऊक नाही, कुणालाच कधी कळणार नाही. लाल दिवा विझला.

जाताना त्या माझ्या टेबलाशी थांबल्या. मला वाटलं, मघाच्या बोलण्याबद्दल दोन शब्द ऐकवतील. ऐकवायला हवे होते.

"तुमचं झालं का वं मत, बाई? का इथंच बसून राहता दिवसभर?"

"झालं. आमचं टपालाने असतं."

"चारी देले?"

"चारी."

"पाहून?"

मी पुढच्या मतदाराची चिठ्ठी घेतली, ती सरळ केली, तिच्यावरचा क्रमांक वाचला. "हो," मी म्हटलं.

"बरं केलं. तुमाले तं वाचाची सवयच असन." त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि व्हरांड्यातून हळूहळू पायऱ्या उतरून गेल्या.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्या भिंतीपाशी गर्दी होती. सगळ्यांनी वाचलं असं म्हणणार नाही. पुष्कळांनी नुसती मान वर केली आणि रांगेत शिरले. पण चार-सहा बायका बोट ठेवून वाचत होत्या, आणि एक ऑटोवाला आपल्या बायकोला मालमत्तेचे आकडे वाचून दाखवत होता. फलकाचं सुटलेलं टोक दुपारी मी स्वतः जाऊन बांधलं. तेवढंच माझ्या हातात उरलं होतं.

मतदान संपलं. मशीनमधला आकडा आणि नोंदवहीतला आकडा जुळला. प्रतिनिधींनी पाहिला, लिहून घेतला, सह्या केल्या. जाकीटवाल्याने लेखी आक्षेप दिलाच नाही. उलट जाताना फलकापाशी थांबून आपल्याच उमेदवाराचा रकाना वाचत उभा राहिला. मी त्या जुळलेल्या आकड्याकडे पाहत होते. त्यात त्या बाई एक होत्या. माझं पाकीट कुठे तरी दुसऱ्या पेटीत होतं, आणि मोजणीच्या दिवशी त्यांची चार मतं आणि माझी चार मतं अगदी सारख्याच वजनाची ठरणार होती. हे असंच असायला हवं, हे मी मुलांना शिकवते. त्या संध्याकाळी मात्र मला ते त्यांच्यावर अन्याय झाल्यासारखं वाटलं.

केंद्राध्यक्ष दैनंदिनी भरत बसले होते. शेवटच्या पानावर विचारलेलं असतं, केंद्रावर काही गैरप्रकार घडला का. त्यांनी पेन उचललं आणि आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. "बोला बाप्पा, कोणाले काही सांगाचं हाये? खोटं मत, दाब, धमकी, काही?"

एकेकाने मान हलवली. माझी पाळी आली. त्या दिवशी त्या खोलीत, मला माहीत होतं तेवढं, एकच खोटं बोललं गेलं होतं, आणि त्याला त्यांच्या कागदात रकाना नव्हता.

"काही नाही, सर," मी म्हटलं, आणि सही केली.